पोषण आहार, ताटात उरणारा भात आणि पहिली-दुसरीची लेकरं: नाव फळ्यावर लिहायचं की वाढायची रीत बदलायची?

पळसफूल
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शिक्षकांच्या एका गटावर सध्या एक कल्पना फिरते आहे. पोषण आहाराच्या वेळी ज्याच्या ताटात अन्न उरेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं आणि आठवडाभर ज्याचं नाव लागणार नाही त्याच्यासाठी परिपाठात टाळ्या वाजवायच्या. हेतू चांगला आहे. ज्या गावात कापूस वेचायला जाणारी माय पहाटे उठून भाकरी थापते, त्या गावात शिजलेला भात उकिरड्यावर पडलेला मलाही बघवत नाही. पण सहा वर्षांच्या लेकराला ताटावरून चारचौघांत उभं करणं मला मान्य नाही. अन्न वाया जाणंही त्यानं थांबणार नाही, कारण ते ज्या ठिकाणी सुरू होतं तिथं कोणी बघतच नाही.

आधी हिशोब मांडते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं सरकारी प्रमाण आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे पहिलीतलं नुकतंच दात पडू लागलेलं पोर आणि पाचवीतलं दिवसभर कबड्डी खेळणारं पोर, दोघांचं माप एकच. 100 ग्रॅम तांदूळ शिजला की अडीचशे-तीनशे ग्रॅम भात होतो. वर डाळ-भाजी. एवढा ढीग सहा वर्षांच्या मुलीसमोर एकदम आला तर ती अर्धा टाकणारच. शाळेनं किती शिजवायचं ते या प्रमाणावरून ठरतं. एकेका लेकराची भूक त्यात मोजलेली नाही, आणि ती रोज सारखी नसतेही.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात वाढण्यापासून करावी. आमच्या शाळेत आता स्वयंपाकीण ताई पहिल्या फेरीत लहान पळीनं थोडंच वाढतात. लेकरू हातानं दाखवतं, मूठ किंवा अर्धी मूठ. मग दुसरी फेरी होतेच होते, कोणी मागो न मागो. ही दुसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीला पोरं पहिल्याच फेरीत ताट भरून मागत होती, कारण नंतर मिळेल याचा भरवसा नव्हता. ज्या घरात तीन-चार भावंडं असतात तिथं हा अनुभव मुलांना लवकर येतो. दुसऱ्या फेरीला भाताचा गंज, म्हणजे पातेलं, अजून भरलेला आहे हे रोज दिसायला लागलं, तशी पहिल्या फेरीतली घाई कमी झाली. शिजवायचं कमी केलेलं नाही, हे ठळक सांगते. लहानांच्या फेरीत जे वाचतं ते चौथी-पाचवीची मुलं आनंदानं खातात. पूर्वी त्यांना पोटभर मिळत नव्हतं आणि लहानांच्या ताटात उरत होतं. एकाच पंगतीत दोन्ही चाललं होतं.

ताटांतलं उरलेलं सगळं एकाच बादलीत जातं. कोणाच्या ताटातलं किती, हे बघायचं नाही. जेवण झालं की दुसरीची मुलं ताणकाट्यावर बादली तोलतात, रिकाम्या बादलीचं वजन वजा करतात आणि भिंतीवरच्या तक्त्यावर प्रत्येक 100 ग्रॅमला एक चिंचोका चिकटवतात. वजाबाकी, वजन, स्तंभालेख, सगळं त्यातच होतं. एखाद्या दिवशी चिंचोक्यांची रांग लांबली की मी विचारते, आज काय झालं असेल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. वरण तिखट होतं. वाटाणे कच्चे राहिले होते. आज वाढदिवसाची चॉकलेटं वाटली. जेवायला बसलो आणि लगेच घंटा झाली. बहुतेक वेळा कारण मोठ्यांच्या हातातलं निघतं.

तुमच्या शाळेत, अंगणवाडीत, घरी काय करता ते लिहा. गंजातच उरलेल्या अन्नाचं आणि बादलीतल्या उष्ट्याचं काय करता, तेही सांगा.

वऱ्हाडी_गडी
पळसफूल ताई, एकदम बरोबर. माही माय गावच्या शायेत खिचडी शिजवते. तिले आत्ताच इचारलं, त म्हणे, "लहाने पोट्टे टाकत नाईत रे, त्याईले जास्त वाढतात म्हून उरते." ते तं पयल्यापासून पोट्ट्याच्या तोंडाकडे पाहून वाढते. पण पाहुणे साहेब आले का सगळ्याईच्या ताटात भरपूर दिसलं पायजे, असं तिले सांगतात. त्या दिवशी सगळ्यात जास्त उरते.

आजोळ_दारव्हा
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या आजीच्या घरी ताटात एक शीत राहिलं तरी उठायची परवानगी नव्हती. आज माझ्या वयाच्या कोणाच्याही ताटात अन्न उरलेलं तुम्हाला दिसणार नाही. मुलांना एवढं सांभाळून घेतलं तर शिस्त लागणार कधी? नाव फळ्यावर लिहू नका, ठीक. पण "वाढलेलं संपवायचं" हा नियम तरी हवा ना?

पळसफूल
आजोळ दादा, राग कशाचा. नियम मलाही हवा आहे, फक्त तो कुठे लावायचा एवढाच आपल्यात फरक. तुमच्या आजी पोराची भूक ओळखून वाढत असतील, आणि घरात एकच आजी सगळ्यांना वाढत होती. शाळेत साठ-सत्तर ताटं भराभर वाढली जातात. तिथं वाढणाऱ्याचा अंदाज चुकला आणि वर "संपव" म्हटलं, तर लेकरू भुकेपेक्षा जास्त खातं किंवा तोंडात कोंबून नळावर जाऊन थुंकतं. दोन्ही मी पाहिलेलं आहे.

मुलांच्या आहारावर काम करणारी मंडळी एक साधी वाटणी सांगतात. काय द्यायचं, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं ते मुलानं ठरवावं. पोटावर जबरदस्ती झाली की मूल तो पदार्थच टाळायला लागतं. नवीन भाजी मुलाच्या अंगवळणी पडायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, कधी नुसता वास घेऊन, कधी एक घास चाखून. त्या काळात ती "संपवायची" अट घातली तर पुढे ती भाजी त्या ताटात कधीच जात नाही. पालक-मेथीच्या बाबतीत आपल्याकडे हेच होतं.

माझा नियम असा आहे: जेवढं मागितलं तेवढं खायचं. मागणं त्याचं, म्हणून जबाबदारी त्याची. न मागता वाढलेल्याची जबाबदारी वाढणाऱ्याची.

आजोळ_दारव्हा
"मागणं त्याचं, म्हणून जबाबदारी त्याची" हे पटलं. नातवावर करून बघतो.

गण_गण_गणात
आपल्या विदर्भात या विषयावर मुलांशी बोलायचं तर शेगावपासून सुरुवात व्हावी असं मला वाटतं. 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी. देविदास पातुरकरांच्या घरी कार्य होतं, जेवणावळी उठल्या होत्या आणि बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं गजानन महाराज वेचून खात होते. बंकटलाल अगरवालांनी त्यांना तिथं प्रथम पाहिलं. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ही गोष्ट आजीकडून माहीत असते. त्यामुळे "शीत" म्हटलं की मूल थांबतं, वेगळं समजवावं लागत नाही. प्रकटदिनाच्या भंडाऱ्याला गावोगावी हजारो लोक जेवतात. तिथं मुलांना वाढायला, पाणी द्यायला उभं करावं. वाढणारा हात झाला की किती घ्यावं हे आपोआप कळतं.

निळी_पहाट
गण_गण_गणात, गोष्ट तुमच्या श्रद्धेची आहे आणि तिचा मला आदर आहे. पण वर्गात सांगताना एका गोष्टीचं भान ठेवावं ही कळकळीची विनंती. आमच्या घराण्यानं कित्येक पिढ्या दुसऱ्याचं उष्टं उचललं आहे. भक्ती म्हणून कोणी उचललं नाही, लादलं म्हणून उचललं. माझ्या आज्यानं 1956 साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिली गोष्ट ती बंद केली. आजही खेड्यात लग्नानंतर पत्रावळीतलं उरलेलं कोणाला तरी "घेऊन जा" म्हणून दिलं जातं आणि देणाऱ्याला दान केल्यासारखं वाटतं. शाळेत मुलांना "टाकू नका, उरलेलं गरिबाला द्या" असं शिकवलं जातं. वर्गातलं जे मूल त्या गरिबाच्या घरचं असतं त्याला ते ऐकताना काय वाटत असेल?

द्यायचं असेल तर जेवायच्या आधी द्या, ताजं द्या, स्वतः खाता तेच द्या. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जागोजागी भोजनदान होतं, तिथं कोणी कोणाला उरलेलं देत नाही. आणि संतांचं उदाहरण घ्यायचं तर अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा आहेत. गावात शिरलं की आधी खराटा, कष्ट केल्यावर भाकर, तीही हातातल्या गाडग्यात हवी तेवढीच. लहान मुलांना हे चित्र फार लवकर समजतं.

गण_गण_गणात
निळी_पहाट, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. उष्टं देण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. गोष्ट सांगताना "म्हणून उष्टं कोणाला तरी द्या" असा अर्थ जाऊ नये हे मी पुढे पाळीन. महाराज शितं वेचत होते ते टाकणाऱ्यांना शिकवायला, असंच आम्ही मानतो.

मेळघाटवाट
मी धारणी तालुक्यात काम करतो. याच धाग्यावर एक मागणी करायची आहे. विदर्भातल्या, पुण्या-मुंबईच्याही, शाळांत मुलांना सांगतात, "तिकडे मेळघाटात पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही टाकता?" कृपा करून हे बोलू नका. यवतमाळच्या मुलीनं दोन घास जास्त खाल्ल्यानं आमच्या कोरकू पोराच्या ताटात काही येत नाही. मुलीला अपराधी वाटतं आणि आमच्या पोरांची ओळख "उपाशी" एवढीच उरते. आमची मुलं कुटकीचा भात खातात, मोहफुलं वेचतात, कोणतं कंदमूळ कधी खणायचं हे सातव्या वर्षी त्यांना माहीत असतं. अन्न वाया न घालवण्याबद्दल शिकवायचं असेल तर आमच्या मुलांना शिक्षक म्हणून बोलवा.

आमच्या शाळांत ताटात फारसं उरत नाही. उरलं तर समजायचं की पोर आजारी आहे.

आशा_कार्यकर्ती
मेळघाटवाट दादांचं शेवटचं वाक्य सगळ्या शिक्षकांनी लिहून ठेवा. ताटात रोज उरवणारं पोर कामचुकार नसतं, बऱ्याचदा त्याच्या पोटात जंत असतात. भूक मरते, पोट दुखते, रक्त कमी होते. जंतनाशक दिनाला शाळेत गोळी देतो, त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या पोराला नंतर आठवणीनं द्या, म्हणजे हे थोडं तरी आटोक्यात राहील. हात धुवायला साबण आहे का तेही बघा. नुसत्या पाण्यानं बोटं ओली करून पोरं जेवायला बसतात.

दुसरं, शाळेच्या फाटकासमोरचं दुकान. पाच रुपयाची चिप्सची पुडी साडेदहाला खाल्ली की साडेबाराला कोणाला भूक लागणार? मायबाप मजुरीला जातात, सकाळी स्वयंपाक करायला वेळ नसतो, पोराच्या हातात पाच रुपये ठेवतात. त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्याशी बोला. त्याच पाच रुपयात फुटाणे येतात.

तिसरं तिखट. आपल्याकडं मोठ्यांची जीभ तिखटाची असते, त्याच मापानं फोडणी पडते. लहानी पोरं पाणी पिऊन पिऊन पोट भरतात.

पळसफूल
आशाताई, तिखटाचं आमच्याकडे असं केलं: वरण कमी तिखट शिजतं आणि मोठ्या मुलांसाठी ठेचा वेगळा. शिक्षकांनी आधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतंच, तिथं मी दुसरीतल्या दोन मुलांनाही चव घ्यायला बसवते. मोठ्या माणसाच्या जिभेनं "चांगलं" म्हटलेलं लहानांना झेपेलच असं नाही.

गुरांचा_दवाखाना
तुम्ही बादलीतल्या उष्ट्याचं विचारलंत म्हणून लिहितो. कृपया सगळी बादली एका गाईपुढे ओतू नका. भात, खिचडी, पोळी असलं शिजलेलं पिठूळ अन्न जनावरानं एकदम भरपूर खाल्लं की कोठ्यात आम्ल तयार होतं. रवंथ थांबतो, पोट फुगतं, जनावर बसून राहतं आणि वेळेत उपचार मिळाला नाही तर मरतं. लग्नसराईत दरवर्षी असे रुग्ण येतात. मांडवामागे टाकलेलं अन्न मोकाट गाय खाते आणि लोक म्हणतात, गाईच्या मुखी गेलं, पुण्य लागलं. कुटार आणि हिरव्या चाऱ्यासोबत ओंजळभर दिलं तर चालतं. प्लास्टिकची पिशवी, द्रोण, काड्या त्यात नसाव्यात. मुलांना हे कारणासह सांगा, घरी जाऊन ती मोठ्यांना अडवतात.

नाडेप_टाकं
मग बादली खताकडे वळवा. नाडेप पद्धत आपल्या यवतमाळ जिल्ह्याची, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरूनच नाव पडलं. मूळ टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीत हवा खेळायला भोकं ठेवलेलं. आत काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर, साधारण तीन-चार महिन्यांत खत. शाळेला एवढं मोठं लागत नाही, चार विटांच्या थराचं छोटं टाकं पुरतं. शिजलेलं अन्न थोडंच टाकायचं, प्रत्येक वेळी वर वाळलेला पाला आणि मातीचा थर द्यायचा. उघडं ठेवलं की माश्या, घुशी, कुत्री येतात आणि मग मुख्याध्यापक टाकंच बंद करायला लावतात. भाजीचं देठ-साल मात्र कितीही चालेल.

ते खत परसबागेत घाला. मुनगा (शेवगा) लावा, एकदा लागला की पाला आणि शेंगा भरपूर देतो. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), वांगी, भेदरं (टोमॅटो). स्वतः पाणी घातलेल्या वाफ्यातला पालक वरणात पडला की पोरं तो शोधून खातात.

पुणेरी_पाहुणा
मूळचा वाशिमचा, आता पुण्यात. मुलांना जगाची आकडेवारीही दाखवायला हवी का? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. भारतात घरगुती पातळीवर माणशी वर्षाला 55 किलो असा त्यांचा अंदाज. एक किलो तांदळामागे जगाच्या सरासरीनं अडीच हजार लिटर पाणी लागतं. सडणाऱ्या अन्नातून मिथेन वायू बाहेर पडतो. पोस्टर चांगलं होईल.

पळसफूल
सातवी-आठवीला नक्की. सहा वर्षांच्या मुलाला कोटी कळत नाही आणि मिथेन दिसत नाही. त्याला बादली दिसते, चिंचोका दिसतो आणि बंधाऱ्यात या वर्षी किती पाणी आहे ते माहीत असतं. तिथूनच सुरू करावं.

धानाची_बांधी
मी चंद्रपूर जिल्ह्यातला, धानाचा शेतकरी. तुमच्या पश्चिमेकडच्या पोरांनी भात रोज खाल्ला तरी धान उभा पाहिलेला नसतो. ते दाखवा. आमच्याकडच्या शाळेची मुलं रोवण्याच्या दिवसांत बांधीवर येतात. चिखलात पाय रुततात, कंबर वाकवून दोन ओळी लावल्या की पाठ धरते. नंतर कापणीला तीच मुलं येतात आणि पडलेल्या लोंबांचा सरवा वेचतात. आमची आजी सरव्याचं धान वेगळं साठवायची, त्याचे पोहे व्हायचे.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन थोडी. 1983 मध्ये त्यांना आपल्या बांधीत पटेल 3 वाणाच्या धानात काही लोंबा निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी लक्षही दिलं नसतं. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवड केली. त्यातून बारीक दाण्याचं, चांगला उतारा देणारं वाण आलं. तेव्हा घड्याळं एचएमटीची असायची, म्हणून त्याला नाव पडलं एचएमटी. आज बाजारात सगळीकडे एचएमटी तांदूळ मिळतो. दादाजी 2018 मध्ये गेले. आमच्या इथली मुलं दाणा टाकताना थांबतात ती या गोष्टीमुळे. हा माणूस आपल्या तालुक्यातला, त्याच्या गावाला आपली एसटी जाते, हे त्यांना ठाऊक असतं.

वऱ्हाडी_गडी
दादाजीची गोष्ट मायले वाचून दाखोली. ते म्हणे, शायेत गंजावर लिहून ठेवा.

लग्नसराई
मुलं शाळेत शिकली तरी लग्नात काय होतं ते बघा. पंगत बसली की वाढपी येतो आणि "घे बेटा, घे" म्हणत तीन जिलब्या टाकतो. नको म्हटलं तर माय डोळे वटारते, पाहुण्यांचा मान राखायचा असतो. लेकरू तरी काय करणार? माझ्या भाचीनं मागच्या लग्नात ताटावर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, मागून घेईन." शेजारच्या पानावरच्या आजीनंही मग हात ठेवला. तिच्या शाळेत हे रोज करून घेतात म्हणे.

पळसफूल
हेच मला हवं होतं! आम्ही "मागून घेईन" याचा खेळच घेतो. एक मूल वाढपी, आग्रह करणारा. समोरच्यानं हसत, हात जोडून, आवाज न चढवता नाही म्हणायचं. मोठ्यांना नम्रपणे नाही म्हणणं हे खेड्यातल्या लेकराला सगळ्यात अवघड जातं, त्याची तालीम लागते. मुलींना तर फारच.

अंगणवाडी_सेविका
ताई, माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची. ती हातानं मूठ दाखवू शकत नाहीत नीट, सगळ्यांना सगळंच हवं असतं. आणि आमच्याकडे गंजातलं उरतं ते मोठा प्रश्न आहे. उन्हाळ्यात तर दुपारपर्यंत वास येतो.

पळसफूल
सेविका ताई, एवढ्या लहानांना लहान वाटी द्या. वाटी भरलेली दिसली की समाधान होतं, आणि संपली की पुन्हा भरून द्यायची. मोठ्या ताटात तेवढंच अन्न त्यांना कमी वाटतं.

गंजातलं उरलेलं म्हणजे न वाढलेलं, स्वच्छ अन्न. ते आधी हजेरीवर अवलंबून आहे. बाजाराचा दिवस, पोळा, तान्हा पोळा, वेचणीची धांदल, या दिवसांत पोरं कमी येतात. शिजवायला टाकण्याआधी डोकी मोजा, कालच्या पटावरून टाकू नका. तरी उरलं तर लगेच तिथंच मोठ्या मुलांना, मदतनीस ताईंना, दारात आलेल्या पालकांना ताजं ताजं द्या. निळी_पहाट यांनी लिहिलं तसं, सन्मानानं. थांबू नका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो. भातात एक जिवाणू वाढतो, त्याचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून सकाळचा भात दुपारी फोडणी देऊन लेकरांना देऊ नका, वाया गेला तरी चालेल.

अंगणवाडी_सेविका
वाटीचं उद्यापासूनच करते. डोकी मोजून शिजवायचं तर मदतनीस ताईला साडेनऊला सांगावं लागेल, त्याआधी तांदूळ भिजलेला असतो.

पळसफूल
मग भिजवण्याची वेळ अर्धा तास पुढे ढकलता येते का बघा. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी ठेवते आहे: जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवणं, स्वयंपाकीण ताईंना बैठकीला बोलावणं, आणि पाहुणे आले तरी पहिल्या फेरीत थोडंच वाढणं. तिसऱ्या मुद्द्यावर वऱ्हाडी भाऊ, तुमच्या आईंचं म्हणणं वाचून दाखवलं तर चालेल का?

वऱ्हाडी_गडी
चालते ना ताई. ते म्हणे, बोलावलं त मी सोता येईन.